खाशाबांचा गुडघा

१/
शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यातला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. या बाजारात एक दृश्य हमखास दिसते. घेणारा घोड्याचा रंग पाहतो, दात पाहतो आणि मग मालकाला म्हणतो, 'जरा चालवून दाखव.' घोडा दुडकी धरतो. त्या क्षणी घेणाऱ्याचे डोळे घोड्याच्या डौलदार मानेवर नसतात. खूर जमिनीवर कसा टेकतो आणि सांधा कसा वळतो, एवढेच तो पाहत असतो.

२/
याच परिसरात हिवाळ्यात कबड्डीचे सामने रंगतात. चढाईला गेलेला मुलगा झेपावतो, एका पायावर उतरतो आणि गुडघा आतल्या बाजूला वळतो. 'कट्' असा आवाज येतो. तो बहुधा त्याला एकट्यालाच ऐकू येतो. कुणी पाय ओढून पाहतो, कुणी तेल चोळतो. सायंकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजतो आणि 'वाटी सरकली' असे निदान गावभर होते. त्या मुलाचा पाय जमिनीवर कसा उतरतो, हे त्याआधी कुणीही पाहिलेले नसते.

३/
मित्रहो, आजचा धागा या पाहण्याचा आहे. चामडीआड दडलेला गुडघा पाहायला माणूस कसा शिकला, किती उशिरा शिकला आणि त्या उशिराची किंमत कुणी मोजली, हा त्याचा विषय. आरंभ एका मराठी गुडघ्यापासून करू.

४/
खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६, कऱ्हाडजवळचे गोळेश्वर. वडील पैलवान, घरात तालमीचे वातावरण. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले. त्यापूर्वी ते मॅटवर कधी खेळलेच नव्हते. सारा सराव लाल मातीतला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

५/
इथवरची कथा शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. तिच्यापुढचे पान मात्र सहसा कुणी उलटत नाही. खाशाबांचे लक्ष्य १९५६चे मेलबर्न होते. त्या ऑलिंपिकपूर्वीच त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्नचा मार्ग बंद झाला. १९५५मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढचे सारे आयुष्य खाकी गणवेशात गेले. १९८४मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हेलसिंकीत तिसरा आलेला मल्ल तिशीच्या उंबरठ्यावर आंतरराष्ट्रीय आखाड्यातून बाहेर पडला तो एका सांध्यामुळे.

६/
आता स्वतःला १९५५ सालच्या शल्यचिकित्सकाच्या जागी ठेवून पाहा. समोर पैलवान बसला आहे, गुडघा सुजला आहे. हाताशी क्ष-किरण आहेत. राँटगेन यांनी ते १८९५मध्ये शोधले. पण त्यांत दिसते ते हाड. गुडघ्याचे खरे दुखणे हाडात क्वचितच असते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून फुलीसारखे बांधणारे दोन दोर असतात. त्यांतला पुढचा दोर म्हणजे आज प्रत्येक क्रीडाप्रेमीच्या तोंडी असलेला एसीएल. दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. दोर तुटो वा गादी फाटो, क्ष-किरणांना दोन्ही अदृश्य.

७/
हाताने पारखायची उत्तम रीतही तेव्हा प्रचलित नव्हती. गुडघा थोडासा वाकवून नडगी पुढे ओढून पाहायची जी चाचणी आज जगभर पहिल्यांदा केली जाते, तिचे सविस्तर वर्णन फिलाडेल्फियाच्या जोसेफ टॉर्ग यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केले आणि आपले गुरू जॉन लॅकमन यांचे नाव तिला दिले. तिला ना यंत्र लागते ना वीज, लागतात दोन शिकलेले हात. तरीही ती खाशाबांच्या पदकानंतर जवळजवळ पाव शतकाने रूढ झाली. तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र, असे मानणाऱ्यांनी या चाचणीकडे अवश्य पाहावे.

८/
मग उपचार काय होते? दोर जोडण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५मध्येच एका खाणकामगाराच्या गुडघ्यातील फुलीचे दोर शिवले होते. १९१७मध्ये हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरील पट्टीचा तुकडा घेऊन नवा दोर घडवला. पण गुडघा मोठा उघडा करून केलेल्या या शस्त्रक्रिया मोजक्या हातांतच राहिल्या. सर्वसामान्य उपाय दोनच: आठवडेच्या आठवडे प्लास्टर, अथवा फाटलेली गादी सबंध काढून टाकणे. गादी काढल्याने सांध्याचे नुकसान होते, असा इशारा फेअरबँक यांनी १९४८मध्ये क्ष-किरणचित्रांच्या आधारे दिला होता. तरीही पुढची कित्येक वर्षे ती उपटून टाकली जातच राहिली. प्लास्टरचे म्हणाल तर ते उतरते तेव्हा मांडी वाळलेल्या उसासारखी झालेली असते. तालमीत आंबेहळदीचा लेप लावून बसलेला मल्ल आणि इस्पितळात प्लास्टर घालून पडलेला मल्ल यांच्या नशिबात फारसा फरक नव्हता, असे माझे मत आहे.

९/
आणि नेमके याच वेळी उत्तर तयार होत होते, तेही हेलसिंकीत ज्याने खाशाबांच्या गटाचे सुवर्ण जिंकले त्या शोहाची इशिईच्या देशात. इतिहास कधी कधी असे योग जुळवतो की कथाकाराने जुळवले असते तर आपण नाक मुरडले असते.

१०/
टोकियोचे प्राध्यापक केंजी ताकागी यांच्यापुढचा प्रश्न खेळाचा नव्हताच. गुडघ्याच्या क्षयामुळे सांधा ताठ होत असे आणि जपानी माणसाला वज्रासनासारखे गुडघे दुमडून बसता येईनासे होई. जेवण, पूजा, पाहुणचार सारे जमिनीवर. त्या समाजात न वाकणारा गुडघा म्हणजे माणसांतून उठणे. पाटावर बसून जेवणाऱ्या आपल्या आजोबा-आजींना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते. रोग लवकर दिसावा म्हणून ताकागींनी १९१८मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. १९३१पर्यंत त्यांनी केवळ साडेतीन मिलिमीटर जाडीची, खास सांध्यासाठीची दुर्बीण सिद्ध केली.

११/
ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी युद्धानंतर हे काम पुढे नेले. नमुन्यामागून नमुने बनवत ते एकविसाव्या क्रमांकाच्या दुर्बिणीपर्यंत पोहोचले आणि ती खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी ठरली. ४ मे १९६२ रोजी त्यांनी बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेल्या सतरा वर्षांच्या मुलावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. गादीचा केवळ फाटलेला भाग काढला, उरलेली गादी जागेवर ठेवली. क्षयरोग्याला जमिनीवर बसता यावे म्हणून जन्मलेले साधन खेळाडूच्या कामी आले.

१२/
१९६४मध्ये टोकियोत ऑलिंपिक झाले. आपले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर तेथे कुस्ती खेळले. त्याच वर्षी रॉबर्ट जॅक्सन हे कॅनडाचे तरुण डॉक्टर टोकियोत होते. ते वातानाबेंकडे जाऊन ही विद्या शिकले आणि टोरांटोला घेऊन गेले. तेथून ती अमेरिकाभर पसरली. १९७३मध्ये लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाने प्रतिमा घेण्याची पद्धत मांडली आणि १९८०च्या दशकात एमआरआयवर न कापताच दोर आणि गादी दिसू लागली. खाशाबांचा गुडघा तीस वर्षे उशिरा दुखावला असता, तर त्याला आत पाहणारे डोळे मिळाले असते.

१३/
मुंबईची एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. १९५०च्या दशकाच्या आरंभी पोलिओच्या साथीने शहर हादरले होते. त्या संकटातून केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. देशातली ती पहिली शाळा मानली जाते. १९५५मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. खाशाबा पोलीस खात्यात रुजू झाले ते हेच वर्ष. म्हणजे दुबळ्या स्नायूला पुन्हा कामाला लावण्याची विद्या मुंबईत पोहोचली होती, परंतु ती पोलिओग्रस्त मुलांसाठी. पैलवानाच्या धिप्पाड मांडीलाही तिची गरज असते, हे ओळखायला आपल्याकडे आणखी काही दशके जावी लागली.

१४/
पुनर्वसनाच्या इतिहासातला सर्वांत गमतीचा शोध आज्ञाभंगातून लागला. अमेरिकेतील इंडियानापोलिसचे डोनाल्ड शेलबोर्न शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना सांगत: पाय जपा, लवकर भार देऊ नका. काही रुग्ण ऐकत नसत. तपासणीला आल्यावर दिसे ते असे की न ऐकणाऱ्यांचेच गुडघे अधिक चांगले वळत होते. दुसरा एखादा डॉक्टर चिडला असता. शेलबोर्न यांनी नोंदी तपासल्या आणि १९९०मध्ये पॉल निट्झ यांच्यासह नवी पद्धत प्रसिद्ध केली: पहिल्या दिवसांपासून गुडघा पूर्ण सरळ करायचा, लवकर भार द्यायचा. प्लास्टरचे युग तेथे मावळले.

१५/
याचा अर्थ लवकर मैदानात उतरा असा मात्र नाही, आणि तरुण वाचकांनी येथे थांबून वाचावे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६मध्ये दाखवले की एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतणे जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटत गेला. दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने, नवव्या महिन्यापर्यंत. नवा दोर म्हणून बसवलेला तंतू शरीरात रुजायला, स्वतःचा व्हायला वेळ घेतो. दुखणे थांबते तिसऱ्या महिन्यात. दोर तेव्हा कच्चाच असतो. पुढचा मोसम चुकेल या धास्तीने परत गेलेली मुले दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतात ती या फसव्या महिन्यांमुळे. म्हणूनच आता दोन्ही मांड्यांचे बळ यंत्रावर मोजतात आणि एका पायावर उडी घ्यायला लावून अंतराची तुलना करतात. यंत्र नसेल तेथे मोजपट्टी आणि खडू यांवरही उडीची चाचणी उत्तम होते.

१६/
खाशाबांशी थेट तुलना करावी असे उदाहरण विनेश फोगाट यांचे. रिओ, २०१६: उपांत्यपूर्व फेरीत गुडघा गेला आणि त्यांना स्ट्रेचरवरून नेले. २०१८मध्ये त्यांनी जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकले. ऑगस्ट २०२३मध्ये पुन्हा एसीएल तुटला. शस्त्रक्रिया मुंबईत झाली. मार्च २०२४मध्ये त्या निवड चाचणीत उतरल्या. नऊ महिन्यांचा दंडक येथे मोडला गेला खरा, पण पूर्ण वेळ देखरेख असलेल्या खेळाडूचा हा हिशेब गावातल्या मुलाने आपल्याला लावू नये. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी जपानच्या युई सुसाकीला हरवले. दुसऱ्या दिवशी जे घडले ते वजनकाट्यामुळे. गुडघ्याने दगा दिला नव्हता.

१७/
येथवर दुखापतीनंतरची कथा झाली. मला तिच्यापेक्षा मोठी वाटते ती दुखापतीपूर्वीची, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. ती सुरू होते चलच्चित्रापासून. २०१०मध्ये हिदेयुकी कोगा आणि नॉर्वेतील त्यांचे सहकारी यांनी खेळताना प्रत्यक्ष एसीएल तुटल्याच्या दहा घटनांची चित्रणे चौकट चौकट करून संगणकावर मोजली. निष्कर्ष असा: पाय जमिनीला टेकल्यानंतर सुमारे चाळीस सहस्रांश सेकंदात घात होऊन जातो, आणि त्या क्षणी गुडघा आत झुकलेला असतो. डोळ्याची पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो.

१८/
या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. 'सांभाळून खेळ' हा वस्तादाचा सल्ला त्या क्षणी निरुपयोगी आहे. सांभाळायला मेंदूला अवधीच मिळत नाही. पाय नीट टेकण्याची सवय आधीच अंगी मुरलेली असावी लागते, जशी मल्लाच्या अंगात डावाची तोड मुरलेली असते.

१९/
सवय मुरवता येते का? इटलीत काराफा आणि सहकाऱ्यांनी सहाशे फुटबॉलपटूंवर हे करून पाहिले आणि १९९६मध्ये प्रसिद्ध केले. निम्म्यांना रोज डगमगत्या फळीवर तोल सांभाळायला लावले. त्यांच्यात एसीएलच्या दुखापती कितीतरी कमी झाल्या. पुढे फिफाने वीस मिनिटांचा सराव तयार केला. धावणे, एका पायावर तोल, बैठका, पोटाचे व मांडीच्या मागील स्नायूंचे व्यायाम, उडी मारून हलके उतरणे, इतकेच. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याची परीक्षा झाली. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण दुखापती जवळपास एक-तृतीयांशाने घटल्या होत्या. मुलींवर भर का? एसीएलचा धोका त्यांना मुलांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो म्हणून. आपल्या खो-खोच्या प्रशिक्षकांनी ही ओळ दोनदा वाचावी.

२०/
एक खबरदारी. सिनसिनाटीचे हेवेट यांनी २००५मध्ये २०५ मुलींच्या उड्या मोजल्या; त्यांतल्या ज्या नऊजणींचा एसीएल नंतर तुटला, त्यांचे गुडघे उतरताना अधिक आत झुकत होते. यावरून उडी पाहून भविष्य सांगता येईल अशी आशा निर्माण झाली. नॉर्वेतील पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. झुकणारा प्रत्येक गुडघा तुटत नाही आणि सरळ उतरणाराही तुटू शकतो. म्हणून उडीचे चित्रण कुणाला संघातून वगळण्यासाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी करावे. वीस मिनिटांचा सराव मात्र सगळ्यांनीच.

२१/
जमिनीचाही विचार हवा. मातीवर पाय किंचित घसरतो, मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो. धरलेला पाय आणि वळलेले शरीर यांच्यामध्ये पिळला जातो तो गुडघा. नॉर्वेच्या हँडबॉलमध्ये लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम जमिनीवर महिलांचे एसीएल अधिक तुटल्याचे २००३मध्ये नोंदवले गेले. माती निर्धोक होती, असे मी म्हणणार नाही; जुन्या पैलवानांचे गुडघे त्याची साक्ष देतील. पण आपली मुले वर्षभर मातीत खेळतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर उतरतात, अगदी १९४८च्या खाशाबांसारखी. तो बदल सरावात हळूहळू आणला पाहिजे.

२२/
आता पुन्हा शहादा. येथील मुलाचा गुडघा गेला की घरच्यांना धुळे, नाशिक किंवा सुरत आठवते. एमआरआय, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर महिनोन्महिने फिजिओथेरपीच्या फेऱ्या. शेतमजुराच्या घराला यातला शेवटचा भाग सर्वांत जड जातो, कारण प्रत्येक फेरीत एक रोज बुडतो. आणि पणाला पदक नसते. पणाला असते पोलीस भरती. सोळाशे मीटर धावणे, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के जागा, घरातली पहिली सरकारी नोकरी. खाशाबांना गुडघा गेला तरी खाकी गणवेश मिळाला. या मुलांचा गुडघा जातो तेव्हा गणवेशही जातो.

२३/
पण चित्रण करणारे यंत्र आता त्याच मुलाच्या खिशात आहे. शाळेचा बाक नको, तो उंच पडतो. वीतभराहून थोडी उंच, न डगमगणारी पेटी किंवा पायरी घ्या. समोर पाच-सहा पावलांवर विटेला टेकवून मोबाइल उभा करा, संथगती चित्रण सुरू करा. दोन्ही पायांनी खाली उतरून लगेच वर उडी. मग चित्र थांबवून पाहा: गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत आहेत की एकमेकांकडे झुकले आहेत? टाच धपकन आपटली की मांडीने भार झेलला? पुन्हा उडी, पुन्हा चित्र. गुडघा आधीच सुजलेला वा निसटत असेल तर हे करू नका. आधी डॉक्टर, आणि तोवर चोळणे-ओढणे पूर्ण बंद.

२४/
शेवटी एक विनंती. आपल्या गावात एखादा जुना पैलवान, कबड्डीपटू किंवा खो-खोची खेळाडू असेल, तर त्यांना विचारा: कोणत्या साली, कोणत्या मैदानावर, कसा उतरताना गुडघा गेला? पुढे कुणाकडे नेले, काय केले, किती दिवस पडून होतात? उत्तर साल-महिन्यासह टिपून या धाग्याखाली लिहा. खाशाबांचे पदक कसे आले याची शेकडो वर्णने आहेत. त्यांच्या काळातील गुडघ्यांची नोंद मात्र अजून व्हायची आहे, आणि ती सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.